ओल्या लोकरीचं माप

"मानवजातीचा इतिहास हा पाण्याला वेसण घालण्याचा इतिहास आहे," असे मास्तरांनी तळघराच्या खालून सातव्या पायरीवर उभे राहून जाहीर केले. सहाव्या पायरीवर पाणी होते. पाण्यात मास्तरांची डावी चप्पल होती आणि ती कुणाचेही न ऐकता शिलाई मशीनकडे निघाली होती.

"इतिहास राहू द्या. लोकर काढा आधी," बायको म्हणाली.

तिला सगळी गल्ली सुईकाकू म्हणे. तळघर हे तिचे राज्य. सकाळी गोधडी, दुपारी विणकाम, हा क्रम एकतीस वर्षे मोडला नव्हता. पाहुणे, आजारपणे, मास्तरांची निवृत्ती, सगळे त्याला वळसा घालून गेले. त्या सोमवारी मात्र रस्त्याखालची मोठी पाइपलाइन फुटली आणि पाणी वळसा न घालता आले.

लोकर तळच्या फळीवर होती. गेल्याच महिन्यात मास्तरांनी वरच्या फळीवर आपल्या नियोजित ग्रंथाच्या अकरा वह्या चढवल्या होत्या. "लोकर हलकी असते, खाली चालते," हे त्यामागचे शास्त्र. वह्या ठणठणीत कोरड्या राहिल्या.

गोधडी वर आली ती लाल होऊन. बावीस वर्षांचे तुकडे, मुलांच्या झबल्यांपासून मास्तरांच्या सदऱ्यांपर्यंत, एका लाल फडक्याने सगळे रंगवून टाकले होते.

"एकसारखी तरी झाली," मास्तर बायकोला म्हणाले.

तिने गोधडी कठड्यावर टाकली आणि पाठ फिरवली. रडायला वेळ नव्हता. शुक्रवारी सकाळी तिच्या ताईचे ऑपरेशन होते.

साठ वर्षांत ताईने धाकट्या बहिणीकडे काही मागितले नव्हते. सल्ले मात्र भरपूर दिले होते. यंदा म्हणाली, "मागच्या वेळी तिथं फार कुडकुडले गं. एक स्वेटर कर मला. या खेपेला काही खरं दिसत नाही माझं." पाठ आणि पुढचा भाग तयार होता, बाह्या राहिल्या होत्या. आता सगळेच बादलीत होते.

दुकानदाराने नमुना उजेडात धरून पाहिला. "काकू, हा निळा बंद झाला. पोपटी देऊ?"

"पेशंट माझी बहीण आहे, पोपट नाही."

ओली लोकर विणू नये. तिचे माप खोटे, पाण्याच्या वजनाने ती ओघळून लांबते. गल्लीतल्या निदान वीस मुलींना सुईकाकूने हे बोटांवर सुई मारून शिकवले होते. पण त्या दमट घरात मंगळवारी दुपारपर्यंत काही वाळेना, तेव्हा तिने लोकर ओलीच सुयांवर घेतली. बाह्या ती नेहमी खांद्याकडून मनगटाकडे विणे, म्हणजे माप चुकले तर खालून उसवता येते. तिचे कधी चुकत नसे, ही गोष्ट वेगळी.

मास्तर केस वाळवायचे यंत्र घेऊन समोर बसले. सुयांच्या हातभर पुढचा धागा ते वाळवत होते. बुधवारी यंत्र जळाले. मग ते फुंकर घालू लागले.

"अहो, फुंकरीनं लोकर वाळते का कधी?"

"मग मी काय करू ते सांग."

ती विणतच राहिली. बोटे पांढरी पडून सुरकुतली होती. गुरुवारी संध्याकाळी एक टाका निसटला आणि तो तिला उचलताच येईना. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "नाही होणार हो. ती गारठतच आत जाणार."

मास्तरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग पेन्सिलीच्या टोकाने तो टाका पकडून धरला, आणि ती पुन्हा विणू लागली.

शुक्रवारी ताईने दवाखान्याच्या पलंगावर बसून स्वेटर घातला. बाह्या बोटांच्याही वीतभर खाली लोंबल्या.

"माझे हात कुठे गेले?" ताई हसली. मग तिने बाही हुंगली. "आणि हा वास कसला?"

"तळघराचा."

"असू दे. ऊब आहे."

तेवढ्यात नर्स आली. "आजी, आत लोकरीचं चालत नाही. काढून ठेवा."

स्वेटर अंगात येऊन सात मिनिटे झाली होती.

"अहो, चार दिवस..." सुईकाकूने सुरुवात केली.

ताईनेच तो काढला, घडी केली आणि बहिणीच्या मांडीवर ठेवला. तिच्या दंडांवर काटा आला होता. "बाह्या मापात आण. बाहेर आल्यावर लागेल मला," ती म्हणाली. कधी नव्हे ते तिने सल्ला दिला नाही.

स्ट्रेचर आत गेले. दार लागले.

बाकावर मास्तर शेजारी येऊन बसले. अशा वेळी काहीतरी बोलणे त्यांना भाग होते. "मानवजातीने आजवर..." त्यांनी सुरुवात केली.

सुईकाकूने मनगटाकडचे टोक शोधून ओढले. टाके एकेक करून सुटू लागले. धागा अजून दमट होता.

"अहो, हात पुढे करा, धागा गुंडाळते," ती म्हणाली. "दोन्ही."