बांधाची माती

"एकानं नको म्हटला, म्हणून?" कोंडाजीने फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिल्या कानावर त्याचा विश्वासच उरला नव्हता.

पलीकडे त्याची लेक कल्पिता होती. पनवेलच्या एका संस्थेतर्फे ती हवामानाच्या जागतिक परिषदेला गेली होती. दोनशे देशांची माणसं तिथे दोन आठवडे खल करत होती, आणि समुद्रकाठच्या गावांना मदत द्यायचं एक वाक्य आज ऐन शेवटी मसुद्यातून गळालं होतं.

"व्हय बाबा. हितं मतदान नसतं. सगल्यांनी व्हय म्हणायला लागतं. एक अडून बसला की संपला."

"आणि बाकीच्यांनी ऐकून घेतला? अगं, दोनशे गाढवं हायेत काय ती?"

कोंडाजी हादरलाच होता. या परिषदेवर त्याची केवढी भिस्त! उरणजवळच्या त्याच्या गावाला खाडीचा बांध आहे. तो आहे म्हणून खारं पाणी बाहेर आणि भात आत. यंदा उधाणाचं पाणी बांधाच्या माथ्याला लागायला लागलं, तेव्हा गावकीने बांध हातभर उंच करायचं ठरवलं. रीत जुनीच: ज्याच्या शेतासमोर जेवढा बांध, तेवढी माती त्याच्या शेतातली. अकरा जणांपैकी दहा जण तयार झाले. कोंडाजी मात्र म्हणाला, "दर्या काय मी एकट्यानं वाढवला? आधी बाकीचे देतील, मग मी बघीन. परिषद तरी होऊ दे." माणूस वाईट नाही हो, पण एकदा बोलला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायचा नाही. मधेच बुटका तुकडा ठेवून बाकीचा बांध वाढवण्यात काय अर्थ? गाव दोन महिने थांबलं.

"कारन तरी काय दिला त्या शहाण्यांनी?" कोंडाजीने विचारलं.

"म्हणाले, हवा काय आमी एकट्यांनी बिघडवली? आधी बाकीचे देऊ देत, मग आमी बघू."

कोंडाजीची बायको केसर सुपात तांदूळ पाखडत सगळं ऐकत होती. तिचा हात थांबला. "अगो बाय," ती म्हणाली, "तिथं पन तुमच्यावानी एक हाय व्हय?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं नवल होतं. म्हणूनच ते कोंडाजीच्या जिव्हारी लागलं. इतकी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"मी आताच हरेश्वरकडं जातो," तो चपला शोधत म्हणाला. हरेश्वर गावकीचा पंच. पण कोंडाजी ओटा उतरतो न उतरतो तोच खाडीकडून आरोळी आली, "खांड गेली! बांध फुटला!"

पौर्णिमेचं उधाण होतं. कोंडाजी कुदळ घेऊन धावत सुटला. बांध फुटला होता तो नेमका कोंडाजीच्या शेतासमोर, आणि कापून ठेवलेल्या भाताचे भारे दहाही जणांच्या शेतांतून तरंगत चालले होते. हरेश्वर कमरेभर पाण्यात उभा होता.

"माझी माती घ्या!" कोंडाजी ओरडला. "लागंल तेवढी घ्या! मी व्हय म्हनतो!"

हरेश्वरने त्याच्याकडे पाहिलं. रागसुद्धा नव्हता त्याच्या तोंडावर. "कंची माती, दादा?"

कोंडाजी दाखवायला वळला. बांधापासून देवळापर्यंत पाणीच पाणी होतं, आणि आपलं शेत त्यात नेमकं कुठलं, ते त्याला सांगता येईना.