फाटकाचं पूर्ण नाव

गजेंद्रनं कुऱ्हाडीचा दुसरा घाव घातला, तशी खोलीच्या दाराची फळी चिरली. आत त्याची बायको चंचल होती, कपाळ फुटलेलं, हातात मोबाइल.

"तुले आज जित्ती सोडत नाही!"

बाहेर शेजारी विजेचं फाटक बडवत होते. ते घरच्या वाय-फायवर, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून उघडायचं. तिनं नेहमीसारखं नुसतं 'गेट' टाइप केलं, पण पत्ता सापडेना. तिच्यावरच्या संशयापोटी गजेंद्रनं सकाळीच राउटर बदलला होता, आणि जुन्यासारखं त्या छोट्या नावापुढे '.लोकल' आपोआप जोडणं नव्याला ठाऊक नव्हतं.

कुऱ्हाडीचं पातं आत आलं. तिनं 'गेट.लोकल' असं पूर्ण नाव लिहिलं. फाटक सरकलं. शेजाऱ्यांनी धावत येऊन गजेंद्रला आडवा पाडला.

शेजारच्या कलाबाईनं तिला बाहेर आणलं. "माहेरी सौंसरले जातं का, बाई?"

"आधी पोलीस ठाण्यात," चंचल म्हणाली.