मोकळं टोक

मी एक साकव. पूल म्हणू नका, मला लाज वाटते. पुलाचं उद्घाटन होतं, फीत कापतात, भाषणं होतात. माझ्यावर गोजराबाईनं चिमूटभर हळद टाकली, फुलांची टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. झालं माझं उद्घाटन.

निफाडच्या अलीकडे द्राक्षबागांच्या मधून एक ओहोळ जातो. उन्हाळ्यात त्यात कोंबडीचा पाय भिजत नाही, आणि पावसाळ्यात तोच म्हशीला ओढून नेतो. अल्याड गोजराबाईचं फुलांचं शेत. पल्याड रहेमानभाईंचं घर, त्याला लागून वेल्डिंगचं दुकान, आणि मागे टेम्पोचा रस्ता. मी नव्हतो तेव्हा बाईला झेंडू घेऊन दीड कोसाचा वळसा पडायचा. उन्हात फुलं माना टाकायची.

रहेमानभाई ते रोज बघायचे. एकदा कुणीतरी जुनी बाग तोडली, तिच्या मांडवाचे गंजके लोखंडी अँगल त्यांनी उचलून आणले. ते अँगल म्हणजे मी. पंधरा वर्षं घडांचं ओझं पेललं होतं, म्हटलं माणसांचं काय एवढं! अँगलवर बाभळीच्या फळ्या बसल्या, खाली फवारणीच्या औषधाचे धुतलेले चार निळे ड्रम बांधले. एक टोक गोजराबाईच्या काठावरच्या बाभळीला साखळीनं जखडलं. दुसरं टोक रहेमानभाईंच्या काठावर नुसतंच टेकवलं. ना खिळा, ना तार.

"अवो भाऊ, हे तर नुसतंच ठेवलंय!" गोजराबाई म्हणाली.

"ठेवायचंच हाय ताई. पूर आला की हे टोक सुटंल आन् साकव वळून तुमच्या काठाला जाऊन पडंल. पाणी उतरलं की तुम्ही दोर फेका. आम्ही इकडून ओढू, तुम्ही तिकडून रेटा. पाण्याशी कुस्ती करणारा पूल लय महाग पडतो. आपला गरिबाचा हाय, यानं वाट द्यायची."

खरं सांगू? मला ते अपमानास्पद वाटलं होतं. पण पहिल्याच पुरात कळलं. पाण्याचा लोंढा आला, टोक सुटलं, मी गर्रकन वळलो आणि काठाला गवतात जाऊन पडलो. एक फळीसुद्धा गेली नाही. चौथ्या दिवशी ह्या काठावर गोजराबाई आणि तिचा मुलगा राज, त्या काठावर रहेमानभाई आणि त्यांची बायको आबिदा. दोर फेकला की आबिदा तो झेलायची आणि ओरडायची, "ओढू का वो ताई?" सगळे चिखलानं माखायचे आणि हसायचे. दर पावसाळ्यात एक-दोनदा हे व्हायचंच. मला तर त्याची चटक लागली होती.

एरवी सकाळी आबिदा माझ्यावर मधोमध येऊन बसायची, पाय खाली सोडून. गोजराबाई टोपली आणायची आणि दोघी झेंडूचे हार ओवायच्या. बोलायचं काय, तर गुडघे, सुना, आणि बाजारात कोण काय म्हणालं. अकरा वर्षं ऐकलं मी. कंटाळा कधी आला नाही.

मग ते साल आलं. दसऱ्याच्या तोंडावर भरली टोपली घेऊन येताना मोकळं टोक जरासं डुचमळलं आणि गोजराबाई पडली. मनगट मोडलं. चूक माझीच म्हणा. टोकाखालची माती खचली होती, दोन दगड सारले असते तर भागलं असतं. पण रहेमानभाई आणि आबिदा लेकीच्या, उजमाच्या, बाळंतपणाला मालेगावला गेले होते.

राजनं आईचा प्लास्टरमधला हात बघितला आणि दुसऱ्याच दिवशी सिमेंटच्या चार गोण्या आणल्या. पल्याडच्या काठावर खड्डा खणला, माझं मोकळं टोक त्यात घातलं आणि वरून काँक्रीट ओतलं. "आई, आता एकदम पक्कं! चाचा आल्यावर बघतच राहतील." गोजराबाईनं एका हातानं त्यावर पाणी मारलं, सात दिवस, सकाळ-संध्याकाळ.

रहेमानभाई आले. बघतच राहिले, हे खरं.

"राज, हे फोड बाबा."

"का चाचा? आता हलत नाय!"

"म्हणून तर म्हणतो."

गोजराबाई मधे पडली. "ऱ्हाऊ द्या ना भाऊ. पोरानं आईसाठी केलंय."

रहेमानभाईंनी तिच्या गळ्यात अडकवलेल्या हाताच्या झोळीकडे बघितलं, राजच्या फोड आलेल्या हातांकडे बघितलं आणि गप्प बसले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. घणाचे दहा घाव घालायचे होते, काठही त्यांचाच होता, पण शेजारणीचं मन कसं मोडायचं? अरे, मोडायचं होतं हो! मला तोंड असतं तर मीच ओरडलो असतो. आणि खरं सांगायचं तर मीही जरा फुशारलो होतो. आता मी हलत नव्हतो. मला वाटलं, झालो मी पूल.

पुढच्या भाद्रपदात भर दुपारी लोंढा आला. छाटणीच्या काड्या, उसाचं पाचट, मल्चिंगचा कागद, सगळं येऊन माझ्या पोटाला अडकलं. मी सुटायला बघत होतो. टोक हलेना. माझा बांध झाला. तुंबलेलं पाणी वळलं आणि सखल काठानं रहेमानभाईंच्या घरात शिरलं. भिंत बसली. वेल्डिंगचं मशीन चिखलात गेलं. आबिदा पत्र्यावर बसून होती, हातात हाराची सुई तशीच. जीव वाचले, एवढंच. त्यानंतर मी मधोमध तुटलो. तेव्हा तुटून काय उपयोग?

तिसऱ्या दिवशी त्यांचा शहरात राहणारा मुलगा शोएब टेम्पो घेऊन आला, आईबापाला तिकडे न्यायला. गोजराबाईनं या काठावरून ते बघितलं. हाका मारल्या, पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? ती वळशाच्या वाटेनं धावत सुटली, तो जुना दीड कोस. पोचली तेव्हा टेम्पो गेला होता. ओल्या अंगणात चाकांचे वण तेवढे होते.

फोन होतात. आबिदा म्हणते, "सगळं खैरियत हाय ताई." मग गोजराबाईच्या ओठावर आलेलं परत आत जातं.

राजनं छिन्नी-हातोडीनं ते काँक्रीट फोडलं. तीन दिवस लागले. मला जोडलं, चार ड्रम बांधले, एक टोक साखळीला, एक मोकळं. अगदी चाचांनी सांगितलं होतं तसं.

यंदा पूर आला. मी सुटलो, वळलो, काठाला येऊन पडलो. पडक्या घरापर्यंत थेंब गेला नाही. पाणी उतरल्यावर गोजराबाई दोराचं वेटोळं घेऊन आली. राज म्हणाला, "गाडीवरून वळसा मारून मी पल्याड जातो, तू फेक." ती म्हणाली, "थांब जरा." आणि तिथंच दगडावर बसून तिनं फोन लावला.

"रहेमानभाऊ, साकव सुटला. तुमचं खरं होतं. तुम्ही फोड म्हणलात आन् मी आडवी आले. तुमचं घर मी घालवलं भाऊ."

मग रहेमानभाईंनी विचारलं, "साखळीनं धरलं ना?"

"धरलं."

"मग दोर कोण झेलतंय?"

मग फोनवर आबिदाचा आवाज आला, "ताई, पाणी अजून किती हाय वो?"

"गुडघाभर," गोजराबाई म्हणाली. आबिदा "बरं" म्हणाली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

त्याला आज नऊ दिवस झाले. ओहोळात आता घोटाभर पाणी आहे. बाई झेंडू घेऊन वळशानं जाते, पण राजला मला हात लावू देत नाही. मी गवतात आडवा पडून आहे, दोर माझ्या फळीवर ठेवलाय. रहेमानभाई, आबिदाबी, घर बांधू नका हवं तर. पण दोर झेलायला तरी एकदा या.