मी बंद झालो आणि भाकरी वाजली

मी कूलर बोलतोय. हो, तोच पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, चालू केला की आधी खोकणारा आणि मग घरघरणारा. हसू नका. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात येऊन बघा, मग माझी किंमत कळेल. त्या दिवसांत या घरात देवाच्या खालोखाल मान माझाच.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यातला नाही. रावजी मिस्त्रींनी त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात ठोकून ठोकून मला उभं केलं. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, पोटात पाणी, पुढे पंखा. शिवकुमारनं मला टेम्पोतून घरी आणलं, तेव्हा त्याच्या आईनं, ईरम्मानं, माझ्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

ईरम्मा कोण म्हणाल, तर कडक भाकरीवाली. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची आणि तव्यावर मंद शेकून खडखडीत करायची, की ती महिनाभर टिकते. नवी पेठेत तिप्पण्णाच्या दुकानात तीस वर्षं तिच्याच भाकऱ्या जातात. प्रत्येक घाण्यातली एक भाकरी ती कानाशी धरून मोडते. कट्ट वाजली तर पास, नाहीतर घरात खायला.

यंदा हे कुटुंब जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये आलं. जुन्या घरी भाकऱ्या अंगणात पसरत. इथं अंगण कुठलं? मग हॉलमध्ये धुतलेलं धोतर अंथरून त्यावर भाकऱ्या मांडायला लागले, अगदी माझ्या तोंडासमोर. "हवा लागंल की," शिवकुमार म्हणाला. उन्हाळाभर खिडक्या उघड्या, हवा कोरडी, सगळं झकास चाललं होतं.

मग श्रावण आला. आभाळ आठ-आठ दिवस डोक्यावर टेकलेलं, पण पाऊस नाही आणि वाराही नाही. सोलापूरची माणसं उन्हाला भीत नाहीत हो, पण असल्या दमट हवेपुढं पार नांगी टाकतात. अंघोळ करून टॉवेल वाळत घालेपर्यंत परत घाम. अंग चिकचिकीत, डोकं जड, आणि काही न करता माणूस दमलेला.

त्यात शिवकुमारनं डोकं चालवलं. त्याच्या ऑफिसात एसी आहे, तिथं दारं-खिडक्या बंद ठेवतात. यानं घरीही तेच केलं. "गार हवा बाहेर कशाला सोडायची?" म्हणे. अरे बाबा, मी एसी आहे का? मला एकच विद्या येते, पाणी प्यायचं आणि हवेत सोडायचं. हवा कोरडी असली तर ती ते पाणी पिऊन गार होते. हवाच ओलीचिंब असली आणि वर खोलीही बंद केली, तर मी दुसरं काय करणार? मी घरघरून घरघरून सांगितलं. त्यांना वाटलं, बेअरिंग गेलं. तेल सोडलं माझ्यात!

आठवड्यात घराची कळा गेली. मीठ भिजलं, काडेपेटी पेटेना. आणि माणसं? एरवी गाणं गुणगुणत कणीक मळणारी सून चंद्रिका आता भांडी आदळायला लागली. शिवकुमार चहात साखर कमी पडली म्हणून ओरडला. ईरम्मा तर बसल्याजागी पेंगायची.

अशात एक दिवस तिप्पण्णा स्वतः पिशवी घेऊन आला.

"अक्का, राग मानू नका. गिऱ्हाईक माल परत द्यायलंय. भाकरी मोडंना, वाकायलीय."

ईरम्मानं एक भाकरी कानाशी धरली. ती मोडलीच नाही, फडक्यासारखी दुमडली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिप्पण्णा गेल्यावर ती सुनेवर घसरली. "पीठ सैल भिजवतीस तू! ध्यान कुटं आसतंय तुझं?"

"माझ्यावर कशाला घालताय अत्ती? शेकताय तुमीच की!"

सासूला अत्ती म्हणते ती. शब्दानं शब्द वाढला. शेवटी ठरलं, उद्या दोघींनी आपापल्या वेगळ्या करायच्या, म्हणजे कुणाचा हात चुकतोय ते कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी वीस-वीस भाकऱ्या केल्या. ईरम्माच्या नेहमीच्या जागी, माझ्यासमोर. चंद्रिकानं मात्र सरमिसळ नको म्हणून आपल्या स्वयंपाकघरातच, गॅसशेजारच्या फळीवर ठेवल्या. तिथली खिडकी उघडी होती. दुपारी परीक्षा झाली. सुनेची कट्ट वाजली. सासूची वाकली.

ईरम्मानं तवा घासला, पुसला आणि माळ्यावर टाकायला सांगितला. "हात गेला माझा," एवढंच म्हणाली. "अक्कलकोटला भावाकडं जाती. हितं बसून काय करू?" आणि खरंच आत जाऊन पिशवी भरायला लागली. मला इतकं वाईट वाटलं, की पंखा फिरवायचीही लाज वाटली.

चंद्रिका जिंकली होती. आपलीच एक कडक भाकरी आणि शेंगाचटणी ताटलीत घेऊन ती माझ्यासमोर येऊन बसली. पण एक तुकडाही मोडला नाही तिनं. डोळे पुसता पुसता त्या कोंदट हवेत तिला गुंगी आली. दोन तासांनी उठली तेव्हा अंग आंबलेलं. तिनं ताटलीतली भाकरी उचलली, आणि ती मधोमध वाकली.

चंद्रिका भाकरीकडे बघत राहिली. मग तिनं माझ्यामागच्या भिंतीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"अत्ती! अत्ती, हिकडं या! हात न्हाय गेला तुमचा! ही माझी भाकरी बघा, सकाळी वाजलेली. आता ही बी वाकली!"

ईरम्मा पिशवी घेऊनच बाहेर आली. चंद्रिकानं फटकन माझं बटण बंद केलं आणि खिडक्या सताड उघडल्या. आहाहा! काय सुटलो म्हणून सांगू! गुन्हा माझ्यावर आला खरा, पण एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

ईरम्मानं तिथंच पिशवी ठेवली, तवा परत मागवला आणि नवा घाणा घातला. भाकऱ्या गॅसशेजारच्या फळीवर, निवल्या की थेट डब्यात. संध्याकाळी तिनं एक कानाशी धरली. कट्ट! म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग दुसरी उचलून तिनं सुनेच्या कानाशी धरली. तीस वर्षांत हा मान तिनं कुणाला दिला नव्हता. "तुज्यावर उगाच तोंड टाकलं गं," ती म्हणाली. चंद्रिका एवढंच म्हणाली, "उकडायलं होतं, अत्ती."

शिवकुमार ऑफिसातून आला, तेव्हा दोघी मिळून त्याला इतकं हसल्या, की बिचारा तसाच अंघोळीला पळाला.

आता मी गॅलरीत उभा आहे. पोटातलं पाणी काढलंय, अंगावर ईरम्माची जुनी इरकल साडी. होळी झाली की मला बोलवा, जीव तोडून काम करीन. पण असल्या घामट दिवसांत मला झोपू द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि अंग चिकचिकत असताना कुणाचं काय चुकलं ते ठरवायला बसू नका.

साडीखालून मला काही दिसत नाही. रोज सकाळी स्वयंपाकघरातून कट्ट ऐकू येतं, तेवढंच. भाकरी सासूच्या हातची की सुनेच्या, ते मला कळत नाही. त्या दोघीही आता विचारत नाहीत.