वरची वाट

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, मेडशी गावातल्या एका अंगणात बाजेवर पडलेल्या आजीने हात वर केला आहे, आणि त्या हातासरशी सारं घर गप्प झालं आहे. भांडी घासणारी सूनही थांबली आहे. आता तुम्हीही कान द्या.

काहीच ऐकू आलं नाही.

"आजबी नाही गेलं इमान," दुर्गाबाई म्हणाल्या. हात बाजेवर पडला.

"गेलं ना, आई. तुमचा डोळा लागला व्हता," रूपा पातेलं घासता घासता म्हणाली.

उंबऱ्यावर बसलेली रूपाची मुलगी पौर्णिमा रिकाम्या आभाळाकडे पाहत होती. बाबा आखातात कामाला निघाले, तेव्हा त्यांनी आजीला सांगितलं होतं की, नागपूरहून सुटलेलं विमान आपल्याच घरावरून जातं. तेव्हापासून संध्याकाळी वर घरघर झाली की आजी हात वर करायची आणि आवाज विरला की तोच हात कपाळाला लावायची. आजीने अंथरूण धरलं, बाबांनी परतीचं तिकीट काढलं आणि नेमकी तिकडे क्षेपणास्त्रं उडू लागली. तिकडचा विमानतळ बंद झाला आणि घरावरून जाणारं विमानही. आजीला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आईने बजावलं होतं. आपला मुलगा सतीश येतोय, एवढ्यावरच म्हातारीचा जीव अडकून होता.

शेजारच्या प्रेमसिंगकाकांना मात्र आभाळातली वाट बंद होते, हेच पटत नव्हतं.

"आभायाले का फाटक रायते? थोडं बाजूनं काढा म्हना इमान!"

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर पौर्णिमा गोठ्यात शिरली. कोपऱ्यात बाबांचा फवारणीचा पंप होता, पेट्रोलवर चालणारा. तिने दोरी ओढली. पंप घरघरला. अंगणात आजीचा हात वर गेला. रूपाने एकदा गोठ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून ती भांडी घासू लागली. पंप बंद झाला तसा आजीचा हात कपाळाला लागला.

"पोर्निमा, इकडं ये."

"काय आजी?"

"तुह्या फराकाले पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

पौर्णिमा फ्रॉकचा घेर चोळू लागली.

"तुह्या बापानं त्याच पंपानं तूर फवारली, माह्या डोयासमोर. त्याचा आवाज मले समजनार नाही? आता खरं सांग. काहून नाही जात इमान?"

"खदानीत सुरुंग उडवतात तवा लाल फडकं दाखवून रस्ता अडवते ना, आजी? तसंच. तिकडं गोळे उडून राह्यले. एखांदा चुकून इमानाले लागला तं आतले सारे मरतीन. म्हून वरची वाट बंद केली."

आजीने वर बोट दाखवलं.

"बरं केलं. नको येऊ म्हना त्याले. जिता राहो." मग तिने विचारलं, "आन गोळे सोडनाऱ्याईले कोन अडवते?"

शाळेत सरांनी सांगितलेलं सगळं पौर्णिमाने आठवून पाहिलं.

"मले नाही मालूम."

"कोनालेच नाही मालूम, माय." आजीने तिचा हात धरला. "उद्या बी लाव पंप. तुह्या मायले वाटू दे, म्हातारी फसली म्हून."

त्याच रात्री आजी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगण पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या जळत होत्या. वंदना झाली.

"सतीशसाठी थांबाचं का?" चुलत आजोबा जानराव यांनी विचारलं.

रूपाने नकारार्थी मान हलवली. कोणी तरी म्हणालं, "फोनवरच दाखवा मंग त्याले." रूपाने फोन दोन्ही हातांनी आजीच्या चेहऱ्यासमोर धरला. प्रेमसिंगकाकांनी वर पाहिलं. मग ते तिरडीपाशी जाऊन उभे राहिले.

चौघांनी खांदा दिला. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. पौर्णिमा गर्दीतून मागे सरकली, गोठ्यात गेली आणि तिने पंपाची दोरी ओढली.