आत्याच्या पाठीतले धपाटे

अमेरिकेतल्या अल्फारेटात सुहासिनी काकूंच्या घरी पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, बायका नटूनथटून आल्या होत्या, आणि ज्या आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं ती गॅरेजमध्ये धुतलेल्या खुर्च्या पुन्हा पुसत बसली होती.

यामिनी डेंटिस्ट. भल्याभल्यांचे दात उपटताना तिचा हात कापत नसे, पण आज पाय उचलत नव्हता. बाळाचा बाप तिचा सख्खा भाऊ. बायकोचे, अबोलीचे, दिवस भरत आले असताना त्याने तिला मारलं, आणि तेही पहिल्यांदा नव्हे. यामिनीनेच वहिनीला गाडीत घालून काकूंकडे आणलं. काकू रिटायर्ड डॉक्टर, अशा किती जणींची बाळंतपणं त्यांनी घरी सांभाळलेली. पुढे कोर्टात यामिनीने भावाविरुद्ध साक्ष दिली, आणि त्याला बायकोच्या जवळपास फिरकायला बंदी झाली. पण यामिनीच्या चेहऱ्यावरचं नाक तर हुबेहूब त्याचंच होतं! आजच्या दिवशी ते नाक अबोलीसमोर कशाला मिरवायचं?

शेवटी बाळाला घेऊन अबोलीच गॅरेजमध्ये आली. "वन्सं, पाळणा खोळंबलाय."

"वहिनी, काकूंना सांग ना. मी त्याची बहीण आहे यार, ऑकवर्ड होईल तुला."

"माझ्या लेकीला आत्या एकच. दुसरी काय इंडियन स्टोअरमधून आणू? चला!"

यामिनी हातातलं फडकं टाकून उठली.

आत्याने नाव सांगितलं की तिच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे, ही बारशाची खरी गंमत. काकूंनी मात्र सगळ्यांना बजावलं होतं, या घरात ते नको, अबोली पोरीने खूप मार सोसलाय. काकूंचं मन सोन्यासारखं, फक्त पोरीला विचारायचं राहून गेलं होतं.

यामिनी पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात तिने 'कुर्रर्र' केलं आणि 'केया' म्हणाली. मागे सगळं चिडीचूप. काकूंची ताकीद तिला ठाऊक होती, तरी ती रिकामी पाठ तिला झोंबली. आपण यांच्यातल्या नाहीच, असं वाटून गेलं.

तेवढ्यात पाठीत सणसणीत धपाटा बसला. वळून बघते तर अबोली!

"काकू, माझ्या केयाच्या बारशात काही कमी ठेवायचं नाही," ती म्हणाली. मग यामिनीचे भरलेले डोळे दिसले आणि तिचा चेहरा उतरला. "वन्सं, लागलं का हो?"

भावाने हा प्रश्न हिला एकदा तरी विचारला असेल का, असं यामिनीच्या मनात आलं आणि तिला रडूच फुटलं. "नाही गं. अजून एक दे. फारच वीक आहे तुझा हात!"

मग काय, सगळ्या बायका तुटून पडल्या, आणि त्यात काकू सगळ्यांच्या पुढे. अबोली पोट धरून हसत सुटली. हसता हसता बाळंतपणाचे टाके दुखायला लागले, तरी थांबेना.