अर्ध्या माणसाचा पाहुणचार

हिंगोलीच्या स्टेशनावर बैलगाडीत सामान चढवल्यापासून गाडीवान उकंडरावाचं लक्ष त्या पेटीवर होतं. गाडी साखरा गावाच्या वाटेला लागली, चाकं खडकाळीत शिरली, आणि पेटीतून आवाज यायला लागला. देवळात कुणी झोपेत चिपळ्या हलवाव्या तसा.

"उत्तमा, काय वाजून राहिलं रे? हैदराबादेहून चिंचोके भरून आणले का काय?"

"पुस्तकं हायेत, काका."

"पुस्तकं वाजत न्हाईत. मी अडाणी हाय, पर एवढं मला बी कळते."

उत्तम हसला, पण पेटीवरचा हात त्यानं उचलला नाही. ती पेटी त्याची नव्हती. हैदराबादच्या डाक्टरी शाळेतल्या मास्तरांनी ती त्याला सुट्टीपुरती दिली होती, शब्दावर. गेल्या इम्तिहानात मास्तरांनी टेबलावर एक हाड ठेवलं आणि एवढंच विचारलं, हे उजवीकडचं की डावीकडचं? उत्तमला ते ओळखता आलं नाही. आता श्रावणात पुन्हा एक संधी होती. ती हुकली की नाव कमी. डाक्टरीची सनद चार वर्षं लांब होती, पण तिच्या वाटेवरचा पहिला ओढाच भरून वाहत होता, आणि पेटी हीच काय ती पार नेणारी सांगड.

घरी वडील सटवाजी आणि शकूआत्या. आई लहानपणीच गेलेली. आत्या नवरा वारल्यावर माहेरी आली, भावाचं घर आणि भाच्याचं बालपण दोन्ही तिनं उचललं. ती सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती, तेव्हा उत्तमनं पेटीचं झाकण काढलं.

सटवाजी आधी वाकून बघायला आले, मग ताठ झाले.

"हे माणसाचं हाय?"

"व्हय, आबा. अभ्यासाला."

"जित्याला घरात जागा पुरंना, आन् तू मेलेलं आणलंस? आत्ताच्या आत्ता उचल. गाव काय म्हणंल?"

"न्हाई शिकलो तर नाव कमी होईल, आबा."

"होऊ दे. औत हाय, बैल हायेत."

आत्या उठून आली. घाबरली नाही. परड्यात नवीन वासरू बघायला जावं तशी ती पेटीपाशी बसली.

"बाईचं का बाप्याचं?"

"बाप्याचं." उत्तमनं कमरेचं हाड दाखवलं. "बाईचं रुंद असतं, लेकराला बाहेर याया वाट पाहिजे म्हणून. हे अरुंद हाय."

"कुठला?"

"ते कुणालाच ठावं न्हाई, आत्या. ज्याला न्यायला कुणी येत न्हाई, तो शाळेत येतो."

आत्याच्या हातातलं सूप गुडघ्यावर टेकलं. ती भावाला म्हणाली, "दादा, ज्याला कुणी न्यायला आलं न्हाई, तो आपल्या दारात आलाय. पाव्हणाच म्हणायचा. ऱ्हाऊ द्या."

"तुला भ्या न्हाई वाटत?"

"त्याला दात बी धड न्हाईत. काय चावतो?"

पेटी जात्याच्या खोलीत कणगीमागे गेली. आत्यानं वर एक धुतलेलं धडुतं घातलं आणि उत्तमला अट सांगितली. "मी दळाया बसले की रोज मला यातलं एक हाड सांगायचं. घरात कोण ऱ्हाऊन राहिलंय, ते मला कळाया पाहिजे."

उत्तमनं अभ्यासाचा बेत भिंतीवर कोळशानं मांडला. अखितीच्या सणापर्यंत डोकं. मग पाठीचा कणा, मग हात, मृगाच्या आधी पाय. एक झालं की त्यावर रेघ मारायची आणि पुढं जायचं. बघायला फार सुरेख दिसत होतं.

"पेरणी मांडली का?" आत्या म्हणाली.

"तसंच समज."

तांबडं फुटायच्या वेळी जातं सुरू व्हायचं. आत्या एक घास घालायची, उत्तम एक हाड धरायचा. मानेतलं पहिलं हाड अंगठीसारखं गोल होतं, त्यावर डोकं बसतं असं त्यानं सांगितलं, तेव्हा आत्या म्हणाली, "म्हणजे चुंबळ. घागरीखाली घालतो ती." आणि उत्तमला वाटलं, पुस्तकातलं पानभर वर्णन एका घागरीत मावलं. आत्याला हाडं कळायला लागली तशी तिच्या ओव्यांत ती शिरली. दगड घरघरायचा आणि ती गायची:

पेटीतला पाव्हणा, न्हाई नाव, न्हाई गाव,
मणक्याच्या माळंवरी जपू बाई कोणतं नाव.

सगळं रेषेवर चाललं होतं. मग एका सकाळी आत्यानं विचारलं, "ते चुंबळीवानी हाड, त्याचं शाळेतलं नाव काय म्हणलास?"

"सांगितलं की तवाच."

"इसरले. पुन्यांदा सांग."

उत्तम सांगायला गेला. नाव येईना. भिंतीवर त्या नावावर जाड रेघ होती. ती रेघ भिंतीवरच नव्हे, डोक्यातही ओढली गेली होती.

दारात दातण करत उभे असलेले सटवाजी म्हणाले, "खोडलेलं उगवत न्हाई, डाक्टर."

त्या दिवशी उत्तम आत्याच्या ओव्या ऐकत बसला, पण वेगळ्याच कानानं. काही ओव्या रोज यायच्या. काही आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवसाचं पीठ दळताना. पंचमीची ओवी मध्येच एखाद्या सकाळी उगाच येऊन जायची, माहेरी आलेल्या लेकीसारखी.

"आत्या, इतक्या ओव्या तुझ्या ध्यानात कशा ऱ्हातेत?"

"म्या कुठं ठेवते? दळण आलं की त्या येतेत."

तिला याहून जास्त सांगता येत नव्हतं, आणि त्याचं कुतूहल अपुरंच राहिलं. पण त्यानं ओल्या फडक्यानं भिंत पुसली आणि बेत नव्यानं मांडला. आता खोडायचं काहीच नव्हतं. रोज एक नवं हाड, त्याच्यामागं कालचं, त्यामागं आठवड्यापूर्वीचं, आणि एखादं फार जुनं, अचानक. आत्याचं विसरणं कामाला आलं. ती कुठल्या दिवशी काय विचारील याचा नेम नव्हता, आणि मास्तरांचाही नसतो. भिंतीवर त्यानं श्रावणाच्या पुढंही जागा सोडली. हाडांनंतर स्नायू, मग नसा, मग रोग, मग औषधं. चार वर्षं तिथं फिकट कोळशानं वळत जात होती. एका हंगामात सगळं पेरायचं नाही, हे आता दिसत होतं.

उजवं की डावं, हेही हळूहळू सुटलं. हाड आपल्याच अंगाला लावून बघायचं, एवढंच होतं ते. आत्यापण लावून बघायची. एकदा मांडीचं हाड तिनं मांडीवर धरलं आणि म्हणाली, "माझ्याहून उंच हाय ह्यो."

"तुझ्याहून उंच सगळंच हाय, आत्या. कणगीसुदा."

"गप, अर्ध्या डाक्टरा."

पण एक प्रश्न ती विसरत नव्हती. तो तिनं पहिल्यांदा विचारला तेव्हा उत्तमला त्यात काही वाटलं नाही. "मोडलेलं हाड सांधलं, तर खूण ऱ्हाते?"

"ऱ्हाते. फांदी मोडून जुळली की गाठ येते, तशी."

"मेल्यावर बी?"

"मेल्यावर बी."

आठवड्यानं पुन्हा तेच. पुन्हा काही दिवसांनी. मग पायांची बोटं संपत आली, तेव्हा तिनं जातं थांबवलं.

"उत्तमा, मला डावा हात दाखव. कोपराच्या खालचा."

"काहून? उजवा बघितलास की."

आत्यानं खुंटा सोडला आणि पिठाचा हात पदराला पुसला. "माझे मालक विहिरीवर मोटेच्या धावेवर पडले होते. तुझा जल्म नव्हता तवा. डावा हात मोडला. कामट्या बांधल्या, पर वाकडाच सांधला. त्याच हातानं ते हैदराबादेला गेले, कुण्या सरदाराच्या तबेल्यात घोडे राखाया. तापाच्या साली तिकडंच ऱ्हायले. गावचा एकजण होता सोबत, त्यानं घोंगडी आणून दिली. घोंगडी तेवढी आली. मूठभर माती द्याया मला काय बी आलं न्हाई. तूच म्हणलास, न्यायला कुणी येत न्हाई तो शाळेत येतो. मी गेले न्हाई न्यायला. मला रस्ता ठावा नव्हता."

उत्तमच्या हातात पायाचं इवलं हाड होतं. ते त्यानं खाली ठेवलं. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं ते त्याला आज सांगायचं होतं, आणि ते सांगितल्यावर आत्यानं पेटी उचलून दाराबाहेर ठेवली असती तर तिला दोष देता आला नसता. खोटं बोलणं सोपं होतं. बघितलं, गाठ नाही, एवढं म्हटलं की झालं. पण तिला हाडं आता त्याच्याइतकीच ठाऊक होती. पेटी तिच्यासमोर उघडी होती.

"आत्या, यात डावा हात न्हाई. पेटीत अर्धंच माणूस असतं. डोकं, कणा आन् एक अंग. दुसरं अंग दुसऱ्या पोराला देतेत. तो औरंगाबादेकडचा हाय, घेऊन गेला."

"अर्धं?"

"व्हय."

आत्यानं पेटीत वाकून बघितलं. "म्हणून एकच पाय सांगितलास. मला वाटलं, दुसरा तसाच असतो म्हणून सांगंना."

"तसाच असतो. पर न्हाई यात."

"मंग हे असतील बी. आन् नसतील बी."

"व्हय, आत्या."

तिनं पुन्हा खुंटा धरला. घास घातला. जातं फिरलं, जरा जड, आणि मग तिचा आवाज आला:

कोपराच्या खाली नांदती, दोन हाडं, सख्खे भाऊ,
एक फिरं गावोगावी, दुजा म्हणे घरी ऱ्हाऊ.

त्यातलं एक हाड हात वळवताना फिरतं आणि दुसरं जागचं हलत नाही, हे उत्तमनंच तिला शिकवलं होतं. तिनं ते असं ठेवलं होतं.

निघायच्या सकाळी पेटी भरून तयार होती. झाकण लावण्याआधी आत्यानं कनवटीची एक पुरचुंडी सोडली. जुन्या लुगड्याच्या चिंधीत काळ्या रानाची चिमूटभर माती. ती तिनं हाडांच्या कुशीत ठेवली.

"हाड मातीला देता येत न्हाई म्हणतोस."

"न्हाई. समदी मोजून परत द्यायची हायेत."

"मंग माती हाडाला देऊ. ते असले तर त्यांची, नसले तर ज्याची त्याची." झाकण तिनंच लावलं. "डावा हात बघितलास तर मला सांगू नको." उत्तम पायरी उतरला तसं ती मागून म्हणाली, "न्हाई, थांब. मी विचारलं तर सांग. न्हाई विचारलं, तर ऱ्हाऊ दे."

गाडीत उकंडराव म्हणाला, "पुस्तकं जाताना कमी वाजून राहिली. वाचून झिजली का?"

श्रावणात मास्तरांनी टेबलावरच्या हिरव्या कापडावर एक हाड ठेवलं. कोपराखालचं, फिरणाऱ्या भावाचं. उत्तमनं ते उचललं आणि नाव सांगण्याआधीच त्याचा अंगठा हाडावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. सावकाश.

"मियाँ, क्या ढूँढ रहे हो?" मास्तरांनी विचारलं.

"पुरानी गाँठ, साहब."

"है?"

"जी नहीं."

"तो अब नाम बताओ. और कौन सा हाथ?"

हाड त्यानं आपल्या हाताला लावलं. डावा. मग हाडं एकामागून एक आली, अखितीच्या आधीची, मृगाच्या तोंडची, मधली. प्रत्येकाला ओवीसारखी आपापली चाल होती, आणि गुणगुणायचं नाही एवढंच त्याला सांभाळावं लागलं. शेवटी मास्तरांनी चष्मा काढला आणि मान हलवली. पुढच्या वर्गाचा दरवाजा उघडला.

पेटी परत करताना शिपायानं हाडं मोजली आणि पुरचुंडी वर धरली. "ये क्या है?"

"अमानत है. उसीमें रहने दो."

शिपायानं खांदे उडवले आणि ती परत ठेवली. फळीवर शेजारीच औरंगाबादेकडच्या पोरानं परत केलेली दुसरी पेटी होती, त्याच माणसाचं दुसरं अंग. उत्तमनं ती उघडली. डाव्या हाताची दोन्ही हाडं त्यानं उजेडात धरली. ती उसाच्या कांडीसारखी सरळ होती. कुठे गाठ नव्हती, वाक नव्हता. हा माणूस धावेवरून कधी पडला नव्हता. कुण्या दुसऱ्याच आत्याचा तो कुणीतरी होता, आणि साखऱ्याची माती त्याला मिळाली होती.

दिवाळीला उत्तम घरी आला. दुसऱ्या दिवशी उजाडताना जातं सुरू झालं तेव्हा तो जाऊन समोर बसला. उत्तर त्याच्या जिभेखाली तयार होतं. कणगीमागची जागा रिकामी होती, पण धडुतं घडी करून तिथंच ठेवलेलं होतं.

"झालास म्हणं पास."

"झालो."

"आता म्होरं काय हाय?"

"स्नायू. हाडाला मास कुठं चिकटतं, कुठून ओढतं, ते. मग नसा. सनदेला अजून लई वाट हाय, आत्या."

"हाडं इसरशील की मग."

"तू हायेस न इसरायला."

आत्या हसली. घास घातला. दोन फेरे तिनं काहीच विचारलं नाही. पीठ दगडाच्या कडेनं पांढरं सांडत होतं.

"ते चुंबळीवानी हाड," ती म्हणाली, "त्याचं शाळेतलं नाव काय म्हणलास?"

उत्तमनं सांगितलं. मग त्याच्या खालचं सांगितलं, आणि त्याच्या खालचं. ती ऐकत दळत राहिली.